बिनक्लचची गाडी

जो गाडीला दोष देतो त्या ड्रायव्हरला आधी गाडीतून खाली उतरवावं, असं माझे वडील म्हणायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सगळी हयात त्यांनी सरकारी लाल गाडीवर काढली. इंदापूर, बारामती, फलटण, पुणं. कुठं अपघात झाला आणि कुणी ब्रेक लागला नाही, स्टेअरिंग ओढत होतं, टायर गुळगुळीत होतं अशी रड सुरू केली की अण्णा तोंड वाकडं करायचे. "टायर गुळगुळीत व्हतं तर तू कशाला बसलास? तुजं डोळं काय गुळगुळीत व्हतं का?"

कळसमधल्या आमच्या वस्तीतला स्टेअरिंगला हात लावणारा हा पहिला माणूस. माझ्या आज्यानं धर्म बदलला तेव्हा अण्णा शाळकरी होते. आज्याला गावातल्या बड्या घरांत नुसतं 'ए' म्हणून हाक मारायचे आणि ओंजळीत वरून पाणी ओतायचे. त्याच घरांतली माणसं पुढं अण्णांच्या मागच्या सीटांवर माना टाकून पुण्यापर्यंत घोरत जायची, आणि उतरताना म्हणायची, "येतो, ड्रायव्हरसायब." अण्णांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. गावातून चालताना त्यांची मान ज्या तऱ्हेनं ताठ असायची ती बघितली की कळायचं.

रिटायर होऊन वर्ष उलटलं नाही तोवर डाव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. अंगात साखर होती. उसाच्या मुलखात राहायचं आणि साखरेनं मरायचं, असं आई म्हणायची. अण्णांनी फोड लपवला. ड्रायव्हरच्या पायाला फोड यायचेच, म्हणे. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता, आणि बारामतीच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापून काढला. मी तेव्हा बारामतीतच एका शाळेत शिकवत होते. शाळा सुटली की दवाखान्यात जाऊन बसायचे आणि अण्णांशी भांडायचे. दुसरं काय करणार? रडायला लागले असते तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

पुढं जयपूर फूट बसवला. पँट, मोजा, काळा बूट घातला की कुणाला काही कळायचं नाही. चालताना थोडं लंगडायचे, तेवढंच. पाय गेलाय हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कुणी बघितलं नव्हतं, आणि अण्णा ते बघू देणार नव्हते. घरात पाहुणा आला तरी आधी पाय बांधायचा आणि मग दार उघडायचं. दुपारी पाय काढून पडले की कधीकधी म्हणायचे, "डाव्या अंगठ्याला खाज सुटलीया गं." नसलेल्या अंगठ्याला. आणि आई चादरीवर, जिथं तो अंगठा असायला हवा होता तिथं, नखं फिरवायची.

पायाचं दुःख त्यांनी गिळलं. गाडी गेली ते मात्र त्यांना गिळता येईना. पारावर बसायचे, रस्त्यानं गाडी गेली की आवाजावरून सांगायचे, "थर्ड गिअरला उचलंना, तरी रेटतोय येडा." मग घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचे. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता.

तेवढ्यात मुंबईचा मामा गाडी घेऊन आला. मामा ज्या साहेबाकडं कामाला होता तो साहेब परदेशी चालला होता, आणि त्याची जुनी जपानी गाडी मामाच्या गळ्यात पडली होती. मामानं ती अण्णांच्या दारात उभी केली आणि म्हणाला, "दाजी, हिला क्लचच न्हाय. गिअर तिचं तीच टाकती. उजवा पाय आसला की झालं."

अण्णा कितीतरी वेळ वाकून पेडलकडं बघत राहिले. दोनच पेडल. उजवीकडं अरुंद एक्सलरेटर, आणि मधोमध ब्रेक, चांगला वीतभर रुंद. मग ते बसले. विहारापुढून एक चक्कर, गावाला एक चक्कर, आणि परत दारात. खाली उतरले तेव्हा त्यांची मान पहिल्यासारखी ताठ होती. आई पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर अण्णा मला सोडायचं निमित्त करून रोज बारामतीला यायला लागले. त्यांचं लायसन अजून जिवंत होतं, आणि पायाचं कुणी विचारलं नाही.

पण गाडीत खोट होती. वेग घेताना लोण्यासारखी पळायची. वेग कमी करायची वेळ आली, म्हणजे पुढं बैलगाडी आली, स्पीडब्रेकर आला, की ती आपणहून खालचा गिअर टाकायची आणि टाकताना असा गचका द्यायची की मान पुढं जायची. अण्णांचा जीव चडफडायचा. "हिला अदब म्हणून न्हाय. गिअर खाली घ्यायचा तर पाशिंजराला कळाया न्हाय पायजे. इंजनाचा आवाज ऐकायचा, क्लच दाबायचा, आन् अलगद." हे सांगताना त्यांचा हात हवेत गिअर टाकायचा.

गचक्यापर्यंत ठीक होतं. एक दिवस सणसरजवळ कालव्याच्या पुलावर गाडीनं गचका दिला आणि लगोलग कचकन ब्रेक मारून जागच्या जागी उभी राहिली. मागं बसलेल्या आईचं कपाळ सीटवर आपटलं. मी ओरडले, "अण्णा, काय करताय?"

"म्या कुठं मारला? माजा पाय उचललेला हाय, बघ की!"

आणि खरंच, त्यांचा उजवा पाय वर होता. मी डोळ्यांनी बघितला.

मग हे सारखं व्हायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळी गचका बसला की पाठोपाठ ब्रेक. बारामतीच्या मेस्त्रीनं दिवसभर गाडी फिरवली आणि म्हणाला, "गचका हाय अण्णा, पर ब्रेक काय धरत न्हाय." अण्णा म्हणाले, "तुज्याम्होरं शाणी झाली आसंल." पुण्याला नेऊन गिअरबॉक्सचं तेल बदललं. गचका थोडा कमी झाला, ब्रेक आहे तसाच. मी वैतागून म्हणाले, "इकून टाका हे भूत!"

"इकून काय करू?" अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "पारावर बसून दुसऱ्याच्या गाड्यांचं आवाज ऐकू?"

 पुन्हा मी विकायचं नाव काढलं नाही.

थंडीचे दिवस होते, कारखाने चालू होते, आणि सकाळी सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असायचा. आम्ही सणसर ओलांडून बारामतीकडं निघालो होतो. पुढं दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर गोगलगाईसारखा चाललेला. अण्णांनी एक्सलरेटर सोडला. गचका बसला. आणि गाडी खिळल्यासारखी उभी राहिली. मागून धाड असा आवाज आला.

मागं मोटारसायकलवर दूधवाला होता. शेळगावचा, तिशीच्या आतबाहेरचा, दोन्ही बाजूंना किटल्या बांधून डेरीला चाललेला. त्याची मोटारसायकल आमच्या डिकीत घुसली होती, आणि तो रस्त्याच्या कडेला पडला होता. मांडी भलत्याच ठिकाणी वाकलेली. दूध डांबरावरून वाहत आमच्या चाकाखाली आलं. तो ओरडत नव्हता, नुसता "आई, आई" करत होता, हळू आवाजात. अण्णा दार धरून उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीमुळं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

माणसं गोळा झाली. मला वाटलं होतं, आता अण्णांना शिव्या खाव्या लागणार. पण झालं उलटंच. "ड्रायव्हरसायब हायत व्हय? मग ह्यांची चूक न्हाय." "आटोमॅटिक हाय गाडी. आसल्या गाड्या थांबत्यात आपसूक." पोलीस आला तोही हेच म्हणाला. सगळे अण्णांना वाचवायला टपलेले. आणि अण्णा कोरड्या तोंडानं म्हणाले, "गिअरबॉक्सनं घात केला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीला दोष दिला होता. माझ्या कानांना ते टोचलं, पण ती वेळ बोलायची नव्हती.

दूधवाल्याच्या मांडीत रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, पाय आखूड राहणार. अण्णा बूट-पँट घालून त्याला बघायला गेले, त्याच्या कॉटशेजारी ताठ उभे राहिले. तो पोरगाच त्यांना धीर द्यायला लागला, "तुमी काय मुद्दाम केलं का, ड्रायव्हरसायब? मशीनच तसली." त्याची आई पायथ्याशी बसून मशीनच्या नावानं बोटं मोडत होती. जळो ती गाडी, मरो तिचा बनवणारा. अण्णा खाली बघत होते. पुढं कानावर आलं, की धारा काढायला आणि दूध पोचवायला कुणी नाही म्हणून त्याच्या म्हशी एकेक करून दावणीवरून विकल्या जायला लागल्यात. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

गाडी परत पुण्याला गेली, परत आली. "गिअरबॉक्स जुना आहे, गचका राहणारच. बाकी काही नाही," असा तिथल्या गॅरेजचा निरोप. अण्णांनी निरोप ऐकला आणि स्टेअरिंगवर बसले. मला म्हणाले, "चल, तुज्यासमूर दावतो. गाडी ब्रेक धरती का न्हाय."

इंदापूरला जाऊन परत येत होतो. माझ्या मांडीवर पेरूंची पिशवी होती. एका खड्ड्यात ती उलटली आणि पेरू खाली सांडले. एक गडगडत अण्णांच्या पायांकडं गेला. पेडलखाली अडकला तर जिवावर बेतायचं, म्हणून मी पट्कन वाकले आणि हात लांब केला. नेमकी तेव्हाच पुढं बैलगाडी आली असावी. इंजिनाचा आवाज उतरला. गचका बसला. आणि माझ्या तोंडापुढं अण्णांचा डावा पाय उचलला गेला, काळा पॉलिश केलेला बूट, मोजा, सगळ्यासकट, आणि त्या रुंद ब्रेकवर पूर्ण भार देऊन पडला. क्लचवर पडावा तसा, तळाला टेकेपर्यंत.

गाडी कचकन थांबली. माझं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. वरून अण्णांचा आवाज आला, "धरला बघ! धरला का न्हाय? बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले.

मी वर आले तेव्हा माझ्या हातात पेरू होता.  आणि माझं हे असं आहे, वाईट वाटलं की मला राग येतो. मी सरळ बोलले. "अण्णा, गाडी न्हाय. तुमचा पाय ब्रेक मारतोय. डावा. क्लच समजून."

"माजा पाय? मला कळलं नसतं व्हय?"

"कसं कळंल? लाकूड-रबराच्या पायाला कसं कळंल, अण्णा? गचका बसला की तुमची मांडी त्याला ढकलती. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं."

त्यांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. मला वाटलं मारतात की काय. पण ते फक्त म्हणाले, "खाली उतर."

"अण्णा..."

"उतर म्हणतोय ना!"

मी उतरले. गाडी निघून गेली. गाडीला दोष देणाऱ्याला खाली उतरवायचं म्हणणारा माणूस, आणि त्यानं मला उतरवलं! मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांच्या नावानं मोठ्यानं बोलले, शेतातल्या बायका बघत राहिल्या. मग बस धरून घरी आले. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. आईनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. आई चुलीपुढं बसून राहिली. नंतर म्हणाली, "पायाला खाज सुटती तवाच मला कळाया पायजे व्हतं. त्यांचा पाय त्यांच्या लेखी अजून हाय गं."

रविवारी सकाळी अण्णांनी मला हाक मारली. "चल."

गाडीच्या दारात बसून त्यांनी पँट वर केली, पट्टे सोडले आणि पाय काढला. बूट-मोज्यासकट मागच्या सीटवर आडवा ठेवला. पँट दुमडून खोचली. सगळी वस्ती बघत होती. मी शेजारी जाऊन बसले.

त्या दिवशी अण्णांनी गाडी चालवली तशी मी कधी बघितली नाही. प्रत्येक बैलगाडीमागं मुद्दाम वेग सोडायचे. प्रत्येक स्पीडब्रेकरला. उसाच्या ट्रॅक्टरमागं जाऊन हळू व्हायचे, पुन्हा वेग घ्यायचे, पुन्हा सोडायचे. कालव्याच्या पुलावरून गेले, वळले, परत पुलावर आले. गचका दर वेळेला बसला. ब्रेक एकदाही लागला नाही. डाव्या बाजूला दुमडलेली पँट प्रत्येक गचक्याला पुढं हलायची आणि तिच्याखाली काहीच नव्हतं. मी मनात म्हणत होते, धर गं बाई, एकदा तरी धर ब्रेक, एवढ्या माणसाची लाज राख. पण गाडी कुत्र्यासारखी इमानी चालली मेली. अण्णांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. शेवटी त्यांनी गाडी शेळगावच्या वाटेला लावली. मला कुठं चाललोय ते विचारावं लागलं नाही.

दूधवाल्याच्या अंगणात गाडी थांबली तशी मी मागच्या सीटवरचा पाय उचलायला वळले.

"राहू दे."

"अण्णा, लोक बघतील."

"बघू दे."

माझ्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत, त्यांनी ते अंगण ओलांडलं. आजूबाजूची माणसं दारात आली. ज्यांनी इतके दिवस फक्त ऐकलं होतं, त्यांनी आता बघितलं. गोठा रिकामा होता, नुसती दावी लोंबत होती. दूधवाला ओसरीत बाजेवर होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याची आई तांदूळ निवडत होती.

अण्णा बसले नाहीत. खांब धरून उभे राहिले. "गाडीचा काय बी दोष न्हाय," ते म्हणाले. "माजा खोटा पाय ब्रेकवर पडला. मला कळलं न्हाय, पर पडला माजाच. म्या गिअरबॉक्सचं नाव घेतलं, ते खोटं झालं."

दूधवाला त्यांच्या दुमडलेल्या पँटीकडं बघत राहिला. बोलली ती त्याची आई. "मंग आता का सांगताय?"

"तुमच्या लेकानं मशीनला दोष देऊन मला सोडलं. त्ये मला पचंना."

"तुमाला पचंना म्हून आमी ऐकायचं व्हय?" म्हातारी ओरडली नाही, हेच वाईट होतं. "मशीनला शिव्या घालून माजा जीव निवायचा. आता तुमाला घालू का? ह्या आसल्या माणसाला?" तिनं पँटीकडं बोट केलं. "आता मी कुणाला घालू, सांगा."

 

"आई, गप," दूधवाला म्हणाला. "चा टाक." पण अण्णांकडं त्यानं पुन्हा बघितलं नाही. चहा आला. कोरा. दूधवाल्याच्या घरात कोरा चहा. अण्णांनी तो उभ्या उभ्या पिऊन टाकला, कप खाली ठेवला आणि हात जोडले.

बाहेर आल्यावर ते स्टेअरिंगच्या बाजूला गेलेच नाहीत. माझा खांदा वळवून दुसऱ्या बाजूला आले आणि दार उघडून बसले. मी म्हणाले, "अण्णा, परतीपुरतं तरी..."

"गाडीला दोष दिला म्या. आता तू बस."

मी बारामतीला क्लासमध्ये क्लचची गाडी शिकले होते, लायसनही होतं, पण अण्णांनी मला कधी स्टेअरिंग दिलं नव्हतं. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक चालवली. मग पुढं उसाची बैलगाडी आली. मी वेग सोडला, गचका बसला, आणि माझा डावा पाय माझ्याही नकळत उठून ब्रेकवर पडला. गाडी कचकन उभी राहिली. मागच्या सीटवरून अण्णांचा पाय धप्पकन खाली पडला.

मला हुंदका फुटला. "बघा अण्णा, माझा बी पडला! कुणाचा बी पडंल हो! क्लचची सवय असली की..."

"तुला पडल्याचं कळलं ना?"

मी मान हलवली.

"मला कळलं न्हाय," अण्णा म्हणाले. रागानं नाही, शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तसं. मग ते समोर रस्त्याकडं बघायला लागले. बैलगाडी लांब गेली होती.

"डावा पाय मागं घे, बाई. सीटखाली घे. हितं त्याला काम न्हाय."

मी पाय सीटखाली ओढून घेतला आणि गाडी सोडली.